अमेरिकेतून आलेला लॉक्ड आयफोन 'परमनंट अनलॉक' करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

माझ्या बाबांचे साडेनऊ हजार रुपये गेले आणि काम होतं फुकटात होणारं, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरी तिकडच्या नातेवाईकांनी दिलेला जुना आयफोन आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, इकडे आला होता तेव्हा त्याचा आयफोन 12 बाबांना देऊन गेला. बाबांनी त्यात आपलं सिम टाकलं तर स्क्रीनवर 'सिम नॉट सपोर्टेड'. आपल्याकडे फोन वेगळा घेतो नि सिम वेगळं, त्यामुळे फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असू शकतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिकडे लोक सिम कंपनीकडूनच हप्त्यावर फोन घेतात आणि लॉक काढेपर्यंत तो फक्त त्यांच्याच सिमवर चालतो, ह्यालाच कॅरियर लॉक म्हणतात.

बाबा नाशिकला, मी पुण्यात. ते फोन घेऊन गावातल्या एका मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, काका अर्ध्या तासात करून देतो, परमनंट अनलॉक, साडेचार हजार. खरंच अर्ध्या तासात नेटवर्क आलं, बाबा खुश, पैसे देऊन टाकले. पावती मागितली तर म्हणे सॉफ्टवेअरच्या कामाची पावती नसते काका.

काही दिवस चाललं, मधेच रेंज जायची, परत यायची. मग फोनने आयओएसचं (आयफोनच्या सिस्टीमचं) अपडेट घेतलं आणि पुन्हा तोच मेसेज. दुकानदाराचं उत्तर ऐका, तुम्ही अपडेट कशाला केलं, आता सर्व्हरवरून करावं लागेल, आणखी सहा हजार होतील. म्हणजे वर बाबांनाच दोष! त्यांनी तिथे नाही म्हटलं आणि नेटवर शोधून एका वेबसाईटवर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) टाकून कार्डने साधारण पाच हजार भरले, तर लगेच ईमेल आली की तुमचा फोन प्रीमियम कॅटेगरीतला आहे, अजून 90 डॉलर भरा, मग अनलॉक कोड पाठवू, नाहीतर ऑर्डर कॅन्सल आणि रिफंड नाही. तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

मी घरी जाऊन आधी सिमचा ट्रे बाहेर काढला. सिमला चिकटून कागदासारखी पातळ एक चिप होती. तिला आर-सिम म्हणतात, कोणी टर्बो सिम म्हणतात, ऑनलाईन काहीशे रुपयांत मिळते. ती फोनला भासवते की आत मूळ कंपनीचंच सिम आहे, लॉक जिथल्या तिथेच राहतो, म्हणून अपडेट केलं किंवा फोन रीसेट केला की खेळ खल्लास होऊ शकतो. ह्याला तो परमनंट अनलॉक म्हणत होता, समोरच्या वयस्कर माणसाच्या तोंडावर! आणि वेबसाईटवाल्यांचा कोड तर अजून मोठी थाप, कारण आयफोनमध्ये असा कोड टाकायची सोयच नाही. काही अँड्रॉइडला कोड लागतो, आयफोनला नाही. मूळ कंपनी मंजुरी देते, अ‍ॅपलच्या सर्व्हरवर नोंद बदलते आणि फोन इंटरनेटला जोडला की आपोआप उघडतो. मधला कोणीही हे करू शकत नाही.

मग मावसभावाला फोन केला. त्याचे हप्ते कधीच फिटले होते, फक्त अनलॉकची रिक्वेस्ट टाकायची राहिली होती. *#06# डायल करून आयएमईआय काढला, त्याला पाठवला, त्याने त्याच्या कंपनीच्या साईटवर फॉर्म भरला आणि दोन दिवसांत मंजुरी आली. चिप काढून फेकली, वायफाय लावलं, बाबांचं सिम चालू. खर्च शून्य. तिकडे 2014 च्या कायद्याने फोन अनलॉक करणं कायदेशीर आहे, आणि हप्ते फिटलेले असले आणि कंपनीच्या अटी पूर्ण असल्या की मोठ्या कंपन्या फुकट अनलॉक करून देतात, एटी अँड टीला फोन 60 दिवस वापरात असावा लागतो, टी-मोबाईलला 40 दिवस, असं थोडंफार वेगळं असतं.

पण हप्ते थकलेले असतील किंवा फोन चोरीचा म्हणून नोंदवलेला असेल तर कंपनी अनलॉक करत नाही, आणि असे फोन 'यूएस मॉडेल, एकदम स्वस्त' म्हणून विकायला येतात. सेकंड हँड घेताना आधी ट्रे काढून चिप नाही ना ते बघा. मग सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये खाली कॅरियर लॉक समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. आयफोन 14 पासून अमेरिकन मॉडेलला सिमचा ट्रेच नसतो, त्यामुळे तिथे ही चिप बसत नाही, फसवणारे 'सर्व्हरवरून अनलॉक करतो' अशाच गोष्टी ऐकवतील.

वेबसाईटच्या पैशांसाठी बँकेत डिस्प्यूट (व्यवहारावर हरकत) टाकलाय, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रारही केलीय. दुकानदार पावती नाही म्हणून सरळ हात वर करतोय. बाबांच्या पेन्शनचे पैसे आहेत हो ते, फार वाईट वाटतं. तुमच्याकडे कोणी तिकडून फोन आणणार असेल तर आजच कळवा, हप्ते फिटलेत का ते बघून तिथूनच अनलॉक करून घ्या म्हणावं आणि मगच बॅगेत टाका.