तापी-पूर्णा की नर्मदाकाठ?

सातपुड्याच्या दोन बाजूंना दोन खोरी आहेत, उत्तरेला नर्मदेचं आणि दक्षिणेला तापी-पूर्णेचं, आणि ही दोन्ही खोरी राज्यांच्या सीमा ओलांडतात. शेजारी राज्यांसोबत मिळून एकच खोरं आधी जपायचं झालं, तर कुठलं?

नंदुरबारच्या उत्तरेला नर्मदा स्वतःच सीमा आहे. पलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरातचं शूलपाणेश्वर अभयारण्य. नकाशावर जोड सोपी दिसते. पण सरदार सरोवराच्या पाण्याने जुना काठ बुडाला. पाणी वर्षभर खाली-वर होत राहतं, त्यामुळे काठावर झाडोरा टिकत नाही. शिवाय मणिबेलीसारख्या गावांनी एकदा विस्थापन सोसलंय. संरक्षणाच्या नावाखाली त्यांना पुन्हा हलवणं मला मान्य नाही.

तापीचं तसं नाही. मुलताईहून निघून बुऱ्हाणपूरमार्गे ती जळगाव जिल्ह्यात येते, चांगदेवला पूर्णेला भेटते आणि पुढे हतनूर धरणाचा फुगवटा लागतो. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. जवळच मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. डोलारखेड्याकडे वाघ केळीच्या बागांत शिरतो. दाट, गार, पाण्याजवळची बाग त्याला जंगलासारखीच. म्हणजे इथे अधिवास वनखात्याच्या हद्दीत संपत नाही, तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येतो.

म्हणून माझं मत तापी-पूर्णेला. वाळूउपसा आधी थांबवावा लागेल, कारण नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो. बुऱ्हाणपूरकडच्या वनाधिकाऱ्यांसोबत एकत्र गस्त आणि केळी उत्पादकांना वेळेवर भरपाई, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.