नाशिकला बसून परदेशी विद्यापीठाचं रायटिंग सेंटर: दोन सेमिस्टरच्या वापरानंतर

अमेरिकी विद्यापीठाचा ऑनलाइन मास्टर्स नाशिकहून करणाऱ्यांना फीमध्येच एक सोय मिळते आणि बरेच जण तिकडे फिरकतही नाहीत. ती म्हणजे रायटिंग सेंटर, म्हणजे ट्युटरसोबत बसून आपल्या लेखनावर चर्चा करायचं विद्यापीठाचं केंद्र. दोन सेमिस्टर सतत वापरल्यावरचं मत आधीच देऊन टाकते: असाइनमेंटचा दर्जा वाढवायला यापेक्षा चांगली आणि वेगळा पैसा न लागणारी मदत नाही. मात्र निबंध ‘तपासून’ घ्यायला जाल तर हात हलवत परत याल.

आपल्याला कॉलेज रोडच्या क्लासेसची सवय असते. सर लाल पेनाने चुका काढतात, आपण त्या पुसून परत लिहितो. इथला ट्युटर पेन हातातच घेत नाही. तो बहुधा त्याच विद्यापीठाचा, प्रशिक्षण घेतलेला विद्यार्थी असतो आणि ओळ न् ओळ दुरुस्त करून न देणं हा जवळपास सगळ्याच सेंटरांचा नियम आहे. मजकूर तुमचाच राहायला हवा, हे त्यामागचं साधं कारण. तो प्रश्न विचारतो आणि वाचक म्हणून कुठे अडखळला ते सांगतो. पहिल्या सत्रात हे तुटक वाटतं. तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत त्याचे प्रश्न लिहितानाच डोक्यात येऊ लागतात आणि खरी कमाई तीच आहे.

वेळेचं गणित आधी पक्कं करा. तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळी १० ची अपॉइंटमेंट सप्टेंबरमध्ये आपल्या संध्याकाळी ७.३० ला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तीच ८.३० ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलट. इथे गोंधळ झाला की गैरहजेरी लागते आणि दोन-तीन गैरहजेऱ्यांनंतर त्या सेमिस्टरपुरतं बुकिंग बंद करणारी सेंटरं बरीच आहेत. बुकिंगच्या पानावर टाइमझोन कोणता दिसतोय ते दर वेळी बघा. त्यांची शुक्रवारी रात्री ११.५९ ची डेडलाइन उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी सकाळी ९.२९ ला संपते, म्हणजे शुक्रवारची रात्र हातात असते. पण ती सत्रासाठी नव्हे, शेवटच्या वाचनासाठी ठेवावी.

डेडलाइनच्या आदल्या दिवशी सत्र घेणं जवळपास वाया जातं, कारण त्यातून निघणारं काम रचनेचं असतं आणि रचना बदलायला तीन-चार दिवस लागतात. मोठ्या पेपरला दोन सत्रं घ्यावीत: एक अर्धामुर्धा ड्राफ्ट असताना, एक जमा करण्याच्या चार-पाच दिवस आधी. बुकिंग करताना प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न जसाच्या तसा, रूब्रिक (गुण कशाकशाला मिळतात त्याचा तक्ता) आणि ड्राफ्ट जोडा. सोबत दोन नेमके प्रश्न लिहा. ‘निबंध बघा’ असं लिहिलं की अर्धा वेळ कुठून सुरुवात करायची यात जातो. ‘तिसऱ्या परिच्छेदातला पुरावा माझ्या मुद्द्याला पुरतो का?’ असं विचारलं की सत्राची ४५ मिनिटं सार्थकी लागतात.

सत्रात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती उलटी रूपरेषा. ड्राफ्ट लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोन ओळी लिहायच्या: हा परिच्छेद काय सांगतो, आणि पूर्ण निबंधात तो काय काम करतो. दुसरी ओळ सुचत नसेल तर परिच्छेद काढायचा किंवा हलवायचा. आपल्याकडच्या ड्राफ्टमध्ये हमखास सापडणारा दोष यातूनच उघडा पडतो. पहिलं पान पार्श्वभूमीत जातं आणि मुख्य दावा शेवटच्या परिच्छेदात येतो. शाळेपासून आपण प्रस्तावना, विस्तार, समारोप याच क्रमाने लिहीत आलो आहोत. तिकडच्या प्राध्यापकाला मात्र दावा पहिल्याच पानावर हवा असतो.

आणि तो दावा वाद घालता येईल असा हवा. नाशिकच्या द्राक्ष निर्यातीवर पेपर आहे असं धरा. ‘निर्यातदारांपुढे अनेक अडचणी आहेत’ हा दावाच नव्हे, त्याला नाही कोण म्हणणार? ‘२०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले, तेव्हाच्या नुकसानीला शेतकऱ्याच्या फवारणीपेक्षा तपासणीची व्यवस्था जास्त जबाबदार होती’ हा दावा आहे. तो खोडता येतो, म्हणूनच सिद्ध करावा लागतो. चांगला ट्युटर तुम्हाला पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत फक्त ‘म्हणजे नक्की काय?’ विचारत नेतो.

त्याला लासलगाव कुठे आहे ते माहीत नसतं, आणि हा फायदाच आहे. बाजार समिती, चाळीत साठवलेला कांदा, क्विंटलचा भाव यांतलं काय समजावून सांगायला हवं ते तिथेच कळतं. लाख-कोटी मिलियनमध्ये बदला: ७५ लाख म्हणजे साडेसात मिलियन, आणि स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर. क्विंटल पहिल्यांदा येईल तिथे १०० किलो असं लिहा.

व्याकरणाचं काम शेवटी आणि एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीचं. मराठी माणसाची मोठी अडचण इंग्रजीतल्या ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) या आर्टिकल्सची, कारण मराठीत आर्टिकलच नाही. एक पान घेऊन त्यातलं प्रत्येक नाम अधोरेखित करा आणि दर ठिकाणी विचारा: कोणतं ते वाचकाला माहीत आहे का? मग ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘आय ॲम हॅविंग’ अशा चुकांचा नंबर. इथे सेंटरची कमजोर बाजू दिसते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या काही ट्युटरना चूक कळते, कारण सांगता येत नाही. ‘असं बरं वाटतं’ एवढंच ऐकायला मिळतं. ट्युटरच्या माहितीत बहुभाषिक विद्यार्थ्यांसोबतच्या कामाचा उल्लेख असेल तर तोच निवडा आणि जमेल तेव्हा त्याच्याकडेच जा. दर वेळी नवा ट्युटर म्हणजे दर वेळी वेगळा सल्ला.

संदर्भ देण्याच्या पद्धतीवर, म्हणजे एपीए सातवी आवृत्ती किंवा एमएलए नववी, मदत चोख मिळते. पॅराफ्रेजिंगला, म्हणजे दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायला, मराठीचाच उपयोग होतो: मूळ लेख बंद करायचा, मुद्दा मराठीत मोठ्याने सांगायचा, मग इंग्रजीत लिहायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. नुसते शब्द बदलून वाक्याचा सांगाडा तोच ठेवला तर ती उचलेगिरीच ठरते. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी स्रोत द्यावाच लागतो. इथल्या विद्यापीठांतून पीएचडी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, पण टक्के खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसण्यापेक्षा लिहिण्याची ही सवय जास्त कामाची.

लेखी अभिप्रायाची सोयही असते. फाइल पाठवा, दोन-तीन दिवसांत शेरे येतात. घरी लाइट किंवा नेट बेभरवशाचं असेल तर ती बरी, पण शेऱ्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही. मांडणीसाठी समोरासमोरचं व्हिडिओ सत्रच घ्यावं. सांख्यिकी किंवा विषयातल्या चुका ट्युटर पकडणार नाही, त्यासाठी प्राध्यापकच. घरी सोडवायच्या परीक्षेवर मदत घेण्याआधी प्राध्यापकांची परवानगी लागते.

ज्यांचा परदेशात प्रवेश नाही त्यांना ट्युटर मिळणार नाही. पण पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब सर्वांना मोफत वाचता येते. तिथली थीसिस स्टेटमेंट (निबंधाचा मुख्य दावा), पॅराफ्रेजिंग आणि आर्टिकल्स ही तीन पानं आधी वाचा. प्रवेश असेल तर सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात पुढच्या सगळ्या पेपरांची सत्रं बुक करून ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत आपल्या संध्याकाळचे स्लॉट शिल्लक राहत नाहीत.