ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग: घरी, गावातल्या फिटरकडे की शोरूमच्या वर्कशॉपमध्ये?

चाळीस ते पन्नास अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर दारात आल्यावर सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसिंग शोरूमकडूनच होतात, त्यामुळे तोपर्यंत मालकाला काही ठरवावे लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर ही ठरावीक तासांनी येणारी कामे घरीच करायची, गावातल्या फिटरला बोलवायचे, की दर वेळी तालुक्याच्या गावी अधिकृत वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर न्यायचा? बहुतेक जण मजुरीचा आकडा पाहून हे ठरवतात. माझ्या मते या तुलनेत मजुरीला सर्वांत कमी महत्त्व आहे. कोणते काम चुकले तर तिथल्या तिथे सुधारता येते आणि कोणते चुकले तर इंजिनाचा डिझेल पंप उतरवावा लागतो, हे आधी पाहावे आणि त्यावरून वाट निवडावी.

तुलनेसाठी डिझेल फिल्टर हे काम सर्वांत उपयोगी आहे, कारण तिन्ही वाटांमधला फरक त्यात लगेच दिसतो. साध्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये टाकीतून निघालेले डिझेल फीड पंपाने ओढले जाते, वाटेत गाळ आणि पाणी एका वाटीत खाली बसते, मग बहुधा एकापाठोपाठ बसवलेल्या दोन फिल्टरांतून गाळून ते इंजेक्शन पंपात पोचते आणि तिथून जाड नळ्यांतून, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाते. पहिला फिल्टर जाड कचरा अडवतो, दुसरा बारीक. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचा बॅरल (दट्ट्याभोवतीचे नळकांडे) यांच्यातली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजण्याइतकी असते आणि तिथे वंगणाचे कामही डिझेलच करते. म्हणून डोळ्यांना न दिसणारी धूळ आणि डिझेलमधले पाणी या दोहोंनी पंपाचे सारखेच नुकसान होते. फिल्टरचा संच काही शे रुपयांत येतो, पंप उतरवून कॅलिब्रेशन (डिझेल सोडण्याचे माप पुन्हा जुळवणे) करून घेण्याचे आणि नोझल बदलण्याचे बिल मात्र हजारांत जाते, आणि ऐन पेरणीत वाफसा निघून जातो त्याचा हिशेब तर कोणत्याच बिलात येत नाही.

हे काम घरी करायला हत्यारे फार लागत नाहीत. दोन-तीन रिंग पाने, धागे न सुटणारे फडके, गळणारे डिझेल धरायला पसरट भांडे आणि नव्या वायसर व रबरी रिंगा एवढ्यावर भागते. पाना लावण्याआधी फिल्टरच्या भोवतालचा सगळा भाग धुऊन कोरडा करणे ही यातली खरी कसोटी आहे, कारण जुना फिल्टर निघाल्यावर वर बसलेली माती आत पडली, तर नवा फिल्टर घालण्याचा अर्थच उरत नाही. टाकीचा कॉक बंद करावा, वाटी काढून धुवावी, जुन्या रबरी रिंगेचा तुकडा खाचेत राहिलेला नाही हे बोटाने चाचपून पाहावे आणि मग नवा फिल्टर बसवावा. डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर असेल, तर त्याच्या रबराला थोडे स्वच्छ डिझेल किंवा ऑइल लावून तो हातानेच आवळावा. फिल्टरवर छापलेले वेढे पुरेसे असतात. पान्याने जोर लावला की रबर चेपते आणि पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही.

त्यानंतर एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढण्याचे काम येते, आणि घरी फिल्टर बदलायला लोक बिचकतात ते याच कामामुळे. खरे पाहता क्रम पाळला की ते अवघड नाही. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारत राहावे, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग हेच दुसऱ्या फिल्टरवर आणि शेवटी इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूवर करावे. टाकीकडून पंपाकडे, हाच क्रम. फीड पंपाच्या दांडीला मध्येच जोर लागेनासा झाला, तर पंप बिघडला असे लगेच समजू नये. आतला कॅम वर आलेला असतो आणि इंजिन थोडेसे फिरवले की दांडी पुन्हा काम करू लागते. एवढे करूनही इंजिन चालू झाले नाही, तर नोझलकडच्या नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारतात. नट सैल असताना तिथे हात किंवा चेहरा नेऊ नये, कारण दाबाखालच्या डिझेलची बारीक धार कातडीत शिरते आणि तशी जखम दिसायला लहान असली तरी लगेच डॉक्टरांना दाखवावी लागते.

घरच्या वाटेची जमेची बाजू पैशापेक्षा वेळेची आहे. फिल्टर आणि रिंगांचा एक जादा संच घरात ठेवलेला असेल, तर इंजिन ओझ्याखाली दम सोडू लागल्याबरोबर तासाभरात काम उरकता येते. उणी बाजूही सरळ आहे. अंगणात वारा सुटलेला असताना, मळणीची धूळ उडत असताना किंवा अंधारात बॅटरीच्या उजेडात हे काम करू नये, आणि ज्यांच्याकडे तेवढी शिस्त किंवा सवड नाही त्यांनी ही वाट सोडून द्यावी. शिकायची इच्छा असणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. आपल्याकडची कृषी विज्ञान केंद्रेही अधूनमधून अशी प्रशिक्षणे घेतात.

गावातल्या फिटरची तुलना घराशी करताना एक गोष्ट मान्य करावी लागते, की चांगल्या फिटरचा कान विकत घेता येत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कोणते नोझल ठोकते आहे हे तो सांगतो, क्लचची मोकळी चाल आणि टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) जुळवतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात रात्री दहा वाजता रानात येतो. ट्रॅक्टरचा इतिहास त्याला ठाऊक असतो. मात्र नेमक्या फिल्टरच्या बाबतीत काही ठिकाणी दोन वाईट सवयी दिसतात. एक म्हणजे कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन, हवा मारून पुन्हा बसवणे. कापडी फिल्टर धुता येतो असा समज जुन्या काळापासून चालत आला आहे, पण कागदी फिल्टरच्या घड्या धुतल्याने सुटतात किंवा फाटतात, आणि फाटलेला फिल्टर तुंबलेल्यापेक्षा वाईट. तुंबलेला निदान इंजिन बंद पाडून सूचना देतो. दुसरी सवय हाताशी असेल तो फिल्टर आणि सुटे ऑइल वापरण्याची. यावर उपाय सोपा आहे: माल आपण आणावा, डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा आणि काम होईपर्यंत तिथे उभे राहावे. याचा राग येणारा फिटर मी तरी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

अधिकृत वर्कशॉपची बाजू तीन कारणांनी भक्कम होते. पहिले कारण वॉरंटी. आता अनेक कंपन्या पाच-सहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात आणि तिच्या अटींत ठरलेल्या तासांना अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करून नोंद घेतलेली असणे ही अट बहुधा असतेच. अशा ट्रॅक्टरचे फिल्टर घरी बदलून वाचवलेली मजुरी एका नाकारलेल्या दाव्यात कितीतरी पटींनी परत जाते. दुसरे कारण हायड्रॉलिक आणि गिअरच्या ऑइलचे. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरला त्या ब्रेकांना चालणारेच ऑइल लागते, ते भरपूर लागते, आणि चुकीचे पडले तर ब्रेक आवाज करू लागतात किंवा घसरतात. हे काम हजार-बाराशे तासांनी एकदा येत असल्याने ते वर्कशॉपमध्येच करून घेणे शहाणपणाचे आहे.

तिसरे कारण सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेल इंजिन. यात सगळ्या इंजेक्टरांना (नोझलांना) एकाच सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाचे डिझेल मिळते. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्यामुळे या गटात कॉमन रेल इंजिने सर्रास आली. यांत्रिक पंपाचे नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडते, कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. त्यामुळे नळीचा नट सैल करून एअर काढण्याची वर सांगितलेली जुनी पद्धत इथे जिवावर बेतू शकते आणि ती कधीही वापरू नये. नव्या फिल्टरमध्ये आधीच डिझेल ओतून तो बसवण्याची सवयही इथे सोडावी, कारण ते डिझेल गाळलेले नसते आणि थेट इंजेक्टरकडे जाते. अशा ट्रॅक्टरच्या मालकाने पाण्याच्या वाटीतले पाणी सोडणे एवढे काम पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे घरी करावे आणि बाकीचे वर्कशॉपवर सोपवावे.

वर्कशॉपच्या उण्या बाजूंपैकी अंतर ही सर्वांना दिसते. तितकी न दिसणारी बाजू अशी, की पेरणीच्या तोंडावर आणि गळीत हंगाम सुरू होताना सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदमच येतात. मग अनुभवी मिस्त्री मोठ्या दुरुस्तीत गुंततो आणि आपले फिल्टर नव्या पोराच्या हाती जातात. काही विक्रेते हंगामाआधी गावात सर्व्हिस व्हॅन पाठवतात, तिचा लाभ घ्यावा.

रोजची कामे मात्र या तुलनेत येतच नाहीत. ऑइलची पट्टी पाहणे, रेडिएटरचे पाणी आणि जाळी, ग्रीस, हवेचा फिल्टर ही कामे वॉरंटी असो वा नसो, मालकाने किंवा ड्रायव्हरनेच करायची आहेत. ऑइल बाथ (हवेतली धूळ ऑइलच्या वाटीत अडवणारा फिल्टर) असलेल्या ट्रॅक्टरने रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवले, की खालच्या वाटीत संध्याकाळपर्यंत चिखल साचतो, तेव्हा ती रोज पाहावी आणि ऑइल खुणेपर्यंतच भरावे. कोरड्या फिल्टरचे उलट आहे. तो सारखा काढून हवा मारल्याने लवकर खराब होतो, म्हणून फिल्टर चोंदल्याची खूण दाखवणारा निर्देशक असेल तर त्यावर विसंबावे. रायगडात किंवा भंडारा-गोंदियात भाताची चिखलणी करणाऱ्यांनी दिवसाचे काम संपल्यावर पुढच्या चाकांच्या हबला आणि एक्सलला रोज ग्रीस द्यावे. जुने ग्रीस पाण्यासह बाहेर येईपर्यंत गन चालवली तरच त्याचा उपयोग होतो.

किती तासांनी काय बदलायचे, हे मॉडेलच्या पुस्तिकेत असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा. अनेक ट्रॅक्टरांत पहिले इंजिन ऑइल पन्नास तासांनी आणि पुढे दर अडीचशे तासांनी बदलतात, नव्या काही मॉडेलांत ही मुदत चारशे-पाचशे तासांपर्यंत गेली आहे. इथे एक अडचण आहे. जुन्या ट्रॅक्टरांवरचे यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते, घड्याळावर नाही. ठरलेल्या वेगाने इंजिन फिरले तरच त्याचा एक तास खरोखरचा एक तास होतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रांगेत मंद चालू ठेवलेला ट्रॅक्टर मीटरवर कमी तास दाखवतो, ऑइल मात्र तिकडे खराब होतच असते. अशा ट्रॅक्टरचे ऑइल आणि फिल्टर मीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी बदलावेत. वर्कशॉप आणि फिटर दोघेही मीटरच पाहतात, ट्रॅक्टरने कोणते काम केले ते मालकालाच माहीत असते.

फिल्टर कोणता घ्यावा, यावर फार लिहिण्यासारखे नाही. कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा घ्यावा, पक्के बिल घ्यावे. नकली डबे हुबेहूब असतात, पण उघडल्यावर घड्यांची संख्या आणि डिंकाचे काम यांतून ते उघडे पडतात. त्याहून जास्त नुकसान घरच्या डिझेल साठ्यामुळे होते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पिंपात डिझेल ठेवू नये, कारण जस्ताचा त्याच्याशी संयोग होऊन तयार होणारी घाण फिल्टर तुंबवते. कॅनच्या तळाचे शेवटचे लिटर टाकीत ओतू नये, आणि थंडी-पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवावी म्हणजे आत वाफ धरून पाणी होत नाही. दोन फिल्टर अपेक्षेपेक्षा लवकर तुंबले, तर तिसरा घालण्याआधी टाकी आणि पिंप धुवावे. कोणत्याही वाटेने गेलात तरी.

आता निवड. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल किंवा सीआरडीआय असेल, तर ठरलेली प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच करावी आणि तारीख, तास व बिल यांची नोंद पुस्तिकेत घ्यावी. यांत्रिक पंपाचा, वॉरंटी संपलेला ट्रॅक्टर असून घरात पाना धरणारा कोणी असेल, तर डिझेल फिल्टर, ऑइल आणि ऑइल फिल्टर घरी बदलावेत, टॅपेट-क्लच-नोझलसाठी फिटर ठेवावा आणि गिअर-हायड्रॉलिकच्या ऑइलसाठी वर्कशॉप. घरात कोणी नसेल, ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हाती भाड्याने फिरत असेल, तर घरचा पर्याय खोडून टाकावा, कारण भाड्याच्या कामात फिल्टर पुढे ढकलला जातो तो पुढेच ढकलला जातो. अशा मालकाने फिटरशी तारखांचा करार करून माल स्वतः पुरवावा. जुना ट्रॅक्टर विकत घेतला असेल आणि आधीच्या मालकाकडे एकही बिल नसेल, तर पहिल्याच आठवड्यात दोन्ही डिझेल फिल्टर, ऑइल आणि हवेचा फिल्टर एकत्र बदलावेत, त्या दिवशीचे मीटर लिहून ठेवावे आणि पुढचे तास तिथून मोजावेत.