शॉक द्यायचा की गोळ्यांची वाट पाहायची?

तीव्र नैराश्यात माणूस अन्नपाणी सोडतो, मरणाच्या गोष्टी करतो, तेव्हा हा प्रश्न घरच्यांपुढे येतो. गोळ्यांचा पुरता गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ईसीटीने, म्हणजे डोक्याला थोडी वीज देऊन मुद्दाम आकडी आणणाऱ्या शॉक उपचाराने, फरक बरेचदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसू लागतो. जीवावर बेतलेलं असताना हे अंतर फार मोठं आहे.

लोकांच्या मनात मात्र अजून जुनाच शॉक आहे. १९३८ साली रोममध्ये तो सुरू झाला तेव्हा भूल नव्हती. झटक्यांनी हाडंही मोडत. आता भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात. एका घोट्यावर पट्टा आवळून ते औषध पावलापर्यंत पोहोचू देत नाहीत, म्हणजे आकडी आल्याचं त्या हलणाऱ्या पावलावरून कळतं. भूल न देता शॉक देणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही.

गोळ्यांनी वजन वाढतं, झोप बिघडते, पण औषध थांबवलं की हे बहुधा ओसरतं. शॉकने मागच्या काही महिन्यांच्या आठवणी जाऊ शकतात, काहींच्या कायमच्या. ‘थोडा विसराळूपणा येईल’ एवढंच सांगून सही घेणं ही फसवणूक आहे.

रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल, तर जीव वाचवण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीने शॉक द्यावा, या मताचा मी आहे. पण ६ ते १२ वेळांच्या या उपचारात मध्येच तो सावरला, तर पुढचा शॉक त्यालाच विचारून. आणि गुण आल्यावरही बहुतेकांना गोळ्या चालू ठेवाव्याच लागतात. नाहीतर आजार अनेकदा काही महिन्यांत उलटतो.