झोन दाखला, भाग नकाशा आणि माहिती अधिकार : सात महिन्यांच्या वापरानंतर

राज्यातल्या एका महानगरपालिकेच्या विकास योजना विभागात वेगवेगळ्या मिळकतींसाठी सात महिने केलेल्या अर्जांवरून हे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगतो. झोन दाखला, म्हणजे शहराच्या विकास योजनेत जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे हे सांगणारा पालिकेचा कागद, मिळतो, बऱ्याचदा मुदतीतही मिळतो, पण तो फार थोडं सांगतो. जागा घेणारे बरेच जण या एकाच कागदावर इसार देऊन बसतात, आणि फसगत तिथेच होते.

अर्ज साधा आहे. ताजा ७/१२ किंवा मिळकत पत्रिका, जागेचा स्थळदर्शक नकाशा, शुल्काची पावती. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा ‘असेल तर लावा’ असं खिडकीवर सांगतात. नसेल तर काढून घ्या, पण लावाच. विकास योजनेच्या नकाशावर सर्व्हे नंबरच्या हद्दी असतात, हिश्शांच्या बहुधा नसतात. समजा, तुमचा हिस्सा ४५/२/३ आहे. दाखल्यात उत्तर येतं, ‘स. नं. ४५ – भागशः रहिवास, भागशः हरित, भागशः १८ मी. रुंद रस्ता’. आता तुमचा तुकडा रहिवासात आहे की रस्त्यात? दाखला गप्प. मोजणी नकाशा जोडलेला असेल तर आरेखकाला तो योजनेच्या नकाशावर बसवून पाहता येतो, आणि उत्तर तुमच्या तुकड्यापुरतं मिळवता येतं.

दुसरा घोळ नंबरांचा. एकाच जागेला सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि नगररचना योजना (जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडण्याची योजना) झाली असेल तर अंतिम भूखंड क्रमांक, असे तीन नंबर असू शकतात. अर्जात तिन्ही लिहा. एकच लिहिला आणि विभागाच्या नकाशावर दुसराच असला, की ‘त्रुटीपूर्तता करावी’ असं पत्र येतं आणि मुदत नव्याने सुरू होते. मुदतीचं म्हणाल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार सेवा, तिची मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी यांची यादी कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज द्यायच्या दिवशीच त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मुदत उलटली तर याच कायद्याखाली अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दाखल्याच्या उशिरासाठी माहिती अधिकार वापरणं म्हणजे चुकीचं हत्यार उचलणं.

दाखल्यासोबत भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला आपल्या जागेपुरता भाग, मागावाच, आणि रंगीत मागावा. रहिवास पिवळा, औद्योगिक जांभळा, हरित हिरवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा पांढरा होतो, जांभळा आणि हिरवा एकाच करड्या छटेत जातात, आणि आरक्षणाच्या (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेच्या) तिरक्या रेघा बुजतात. पैसे वाया. झेरॉक्स लहान-मोठी करून काढली असेल तर छापलेलं प्रमाणही खोटं ठरतं. पट्टी लावून रस्त्याची रुंदी मोजायला जाऊ नका.

दाखल्यात जे नसतं ते जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची रस्तारेषा (रस्त्यासाठी जागा कुठपर्यंत जाऊ शकते ती हद्द) बहुतेक वेळा त्यात येत नाही. ती पथ विभागाकडे. नदीकाठची निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा) पाटबंधारे खात्याची. ती योजनेच्या नकाशावर चढवली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल चालू असेल, तरी मंजुरी होईपर्यंत दाखला जुनाच झोन दाखवतो. आणि योजना मंजूर करताना शासनाने बाजूला ठेवलेले भाग, ज्यांना विभागात सगळे ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात, त्यांची अधिसूचना नंतर निघते. त्या मधल्या काळातला दाखला असेल तर तो पुन्हा काढा.

माहिती अधिकाराचा खरा उपयोग इथे. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मागणी कागदाची करायची, खुलाशाची नाही. ‘आरक्षण का टाकलं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. त्याऐवजी ‘आरक्षण क्र. अमुक संबंधी प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली आलेल्या खरेदी सूचना व त्यावरील टिपणीची प्रमाणित प्रत’ असं लिहा. योजना अमलात आल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक ही सूचना देऊ शकतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून प्राधिकरणाला २४ महिने मिळतात. पुण्याच्या जुन्या हद्दीची योजना जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाली, म्हणजे त्यातल्या नव्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तिथे जागा बघणाऱ्यांनी या सूचनांची फाइल आधी पाहावी.

माहिती अधिकाराची ३० दिवसांची मुदत कागदावर ठीक. शुल्क भरायचं पत्र २८व्या-२९व्या दिवशी साध्या टपालाने निघतं, आणि पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात. शुल्काची मागणीच ३० दिवसांनंतर आली असेल तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य. साधं पान २ रुपये, मोठ्या कागदाला प्रत्यक्ष खर्च. छापील नकाशाला ठरलेली किंमत असेल तर ती द्यावी लागते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रतींपेक्षा अभिलेख पाहणं केव्हाही फायद्याचं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइल हातात आली की टिपणीचे पान क्रमांक लिहून घ्या आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. ‘संपूर्ण फाइल द्यावी’ असा अर्ज केला की ‘माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर ठरलेलं. म्हणजे महिना घालवून पुन्हा सोमवारीच.

हद्दवाढीतल्या गावांचं गणित वेगळं. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. अशा गावांत पालिकेची मंजूर विकास योजना होईपर्यंत आधार प्रादेशिक योजनेचा असतो आणि जुने कागद बरेचदा नगररचना खात्याच्या जिल्हा कार्यालयात किंवा प्रदेश विकास प्राधिकरणात सापडतात. पालिकेने ‘अभिलेख उपलब्ध नाही’ लिहिलं तर कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत हस्तांतरित का केला नाही, हा मुद्दा पहिल्या अपिलात घ्यावा. अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प आणि ३० दिवस. पहिलं अपील चुकवू नका, कारण सुनावणीची नोटीस निघाली की अर्धे कागद सुनावणीआधीच सापडतात.

मुंबईत हेच काम ‘डीपी रिमार्क्स’ नावाने चालतं. तिथे सिटी सर्व्हे क्रमांकासोबत महसुली गाव किंवा विभागाचं नाव बरोबर हवं, आणि १९९१ व २०३४ अशा दोन्ही योजनांचे अभिप्राय वेगवेगळे मागावे लागतात. जुनी इमारत असेल तर दोन्ही घ्या.

प्रत हाती पडली की खिडकीवरून हलायच्या आधी चार गोष्टी तपासा : सही, गोल शिक्का, तारीख आणि नकाशाचा शीट क्रमांक. शिक्का राहून गेला तर ‘प्रमाणित’ या एका शब्दासाठी अर्ज पुन्हा पहिल्यापासून.