‘द बुक ऑफ लाँगिंग्ज’: नासरेथच्या घरात जमलेली, गालीलच्या वाटेवर हुकलेली

येशूचं लग्न झालं होतं असं धरून लिहिलेल्या कादंबऱ्यांत बायको बहुधा मग्दालीया मरिया असते. स्यू मंक किड यांनी २०२० साली आलेल्या या इंग्रजी कादंबरीत ती मळलेली वाट सोडली आहे. इथली बायको आना, संपूर्ण कल्पित: गालीलचा शासक हेरोद अंतिपा याच्या मुख्य लेखनिकाची मुलगी, सेफोरिसच्या श्रीमंत घरात वाढलेली, लिहिता-वाचता येणारी. सेफोरिस हे नासरेथपासून सहा-सात किलोमीटरवरचं, अंतिपानं नव्यानं उभारलेलं शहर, आणि येशूची कथा सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत त्याचं नावसुद्धा नाही. लेखिकेला मोकळं रान मिळालं आणि तिनं ते नीट नांगरलंय.

येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचंच बघा. इ.स.पू. ४ मध्ये अंतिपाचा बाप, पहिला हेरोद, मेल्यावर सेफोरिसात बंड झालं. सीरियाचा रोमी सुभेदार वारुस यानं शहर जाळलं, रहिवाशांना गुलाम केलं आणि पुढे सुमारे दोन हजार बंडखोरांना क्रुसावर चढवलं, असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. किड यांचा यहूदा हा त्या बंडात पोरका झालेला आणि आनाच्या घरी दत्तक आलेला मुलगा आहे. त्यामुळे त्याच्या विश्वासघाताला तीस रुप्याच्या नाण्यांहून पटण्याजोगं कारण मिळतं.

कादंबरी खरी जमते ती नासरेथच्या भागात. एक अंगण, त्यात शेळ्या, सासू मरिया, दीर, नणंद, आणि कामासाठी गावोगाव फिरणारा नवरा. सुनेला घरकामाचा गंध नाही. पपायरस मिळेनासा होतो तेव्हा आना फुटक्या खापरांवर लिहिते. तो काळ माहीत असणाऱ्याला हे लगेच पटेल. पपायरस महाग, खापरं फुकट. पावत्या, निरोप, हिशेब असं कितीतरी लिखाण खापरांवरच व्हायचं. काजळी आणि डिंक पाण्यात कालवला की शाई तयार. गर्भ राहू नये म्हणून चोरून घेतलेली औषधं, पुढे मृत जन्मलेली मुलगी, नवरा-बायकोतला अबोला, हे सगळं आवाज न चढवता येतं. येशू इथे नवरा म्हणून पटतो, आणि हे सोपं काम नाही.

आता चुकतं कुठे ते. आनाची आत्या याल्था तिला एक वाडगं देते. आना त्यात आतून गोल गोल वळणांत आपली प्रार्थना लिहिते, आणि हे वाडगं शेवटपर्यंत कथेत फिरत राहतं. वाडग्याच्या आत वर्तुळाकार लिहिलेले अरामी मंत्र खरोखर सापडले आहेत, पण ते मुख्यतः मेसोपोटेमियात आणि पाचव्या शतकाच्या आसपास व त्यानंतरचे. शिवाय त्यांतली बरीच वाडगी भुताखेतांना अडकवायला उंबऱ्याखाली पालथी पुरलेली असत. ‘माझ्यातलं मोठेपण फुलू दे’ अशा धाटणीचं मागणं त्या वाडग्यांचं नव्हेच. ते आजच्या बाईचं आहे, आणि जुन्या भांड्यात ओतल्यावर लगेच ओळखू येतं.

याउलट, अंतिपा आनाच्या चेहऱ्याचं मोझेक करवून घेतो हा प्रसंग वाटतो तितका अचाट नाही. तिबिर्या या गालीलातल्या शहरात त्याच्या राजवाड्यात प्राण्यांची चित्रं होती आणि यहुदी धर्मातली मूर्तिबंदी मोडली म्हणून इ.स. ६६ च्या रोमविरुद्धच्या उठावात तो राजवाडा जाळला गेला, ही योसेफसचीच नोंद.

आनावर धोंडमाराची वेळ येते आणि येशू तिला वाचवतो. इथे योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारी ठरवलेली स्त्री उचलली आहे. तो उतारा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, तेव्हा कादंबरीकारानं त्याला हवा तिथे बसवला तर फार कुरकुर नको.

मोठी तक्रार पुढे आहे. येशू उपदेश करत फिरायला लागतो त्याच सुमारास लेखिका आनाला इजिप्तमधल्या आलेक्सांद्रियाला पाठवते, आणि ती परत येते ती थेट वल्हांडणाच्या सणाला, क्रुसाच्या तोंडावर. मधला सगळा काळ गायब. शुभवर्तमानांत बायको का नाही, याचं उत्तर म्हणून युक्ती चलाख आहे, पण तिची किंमत भारी पडते. लूक ८:१-३ मध्ये पदरचा पैसा घालून येशूबरोबर हिंडणाऱ्या बायका आहेत: मग्दालीया मरिया, सुसान्ना, आणि अंतिपाच्या कारभाऱ्याची, खुजाची, बायको योहाना. अंतिपाच्या दरबारातली बाई येशूमागे निघते, यापेक्षा आयती कादंबरी कुठली? तिला इथे कोपऱ्यातली जागा मिळते. फिबी, प्रिस्का, लुदिया यांच्यापर्यंत तर गोष्ट पोचतच नाही. पहिल्या मंडळ्यांतल्या बायकांसाठी हे पुस्तक घ्याल तर हात रिकामे राहतील.

लग्नाच्या तर्कावरही एक आक्षेप आहे. १ करिंथ ९:५ मध्ये प्रेषित पौल बायको बरोबर नेण्याच्या हक्कासाठी इतर प्रेषितांचा, प्रभूच्या भावांचा आणि केफाचा, म्हणजे पेत्राचा, दाखला देतो. खुद्द प्रभूला बायको असती, तर तो दाखला सोडून पौल केफावर थांबला असता का?

इजिप्तमधलं चुलत्याचं घर रेंगाळतं. तिथे पानं भरभर उलटा. मारेओतिस सरोवराकाठच्या थेराप्युटांपाशी मात्र थांबा. हा ध्यानी पंथ आलेक्सांद्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो यानं वर्णिला आहे: स्त्रिया आणि पुरुष दोघंही, सातव्या दिवशी एकत्र बसणारे, मधे तीन-चार हात उंचीची भिंत, म्हणजे दिसायचं नाही पण ऐकू यायचं. खाणं सूर्यास्तानंतर, भाकर आणि मीठ, फार तर चवीला एजोबाचा पाला. किड यांनी भिंतीपेक्षा ग्रंथालयावर भर दिलाय, तो त्यांचा हक्क. पुढे त्या ‘थंडर, परफेक्ट माइंड’ हे काव्य आनाच्या नावावर करतात. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या कॉप्टिक पोथ्यांतलं हे काव्य, कर्ता अज्ञात, बोलणारी एक स्त्री. या चोरीला मात्र दाद द्यावी लागते.

मराठी बायबलवर वाढलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: इंग्रजीतला जेम्स म्हणजे आपला याकोब, जॉन म्हणजे योहान, जूडस म्हणजे यहूदा, आणि सायमन ऑफ सायरीन म्हणजे कुरेनेकर शिमोन. पहिली पन्नासेक पानं नावं अडखळवतात. मुलांच्या हाती देण्याआधी आनाची मैत्रीण ताबिथा हिचा प्रसंग स्वतः वाचा. बलात्कार आणि त्यानंतर जीभ कापणं, दोन्ही आडपडदा न ठेवता आलंय.