डॉसबॉक्स : ५५ने भागलं तरी ‘शून्याने भागाकार’

१९९६ साली इचलकरंजीत मामांच्या यंत्रमागासाठी मी टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजुरीचा प्रोग्राम लिहिला होता. ५२ पिकांचं (इंचाला ५२ आडवे धागे) कापड, मीटर, उचल वजा जाता हातात किती. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. गेल्या महिन्यात माळ्यावर त्याची बूट फ्लॉपी (जिच्यावरून संगणकच सुरू करता येतो ती) सापडली आणि चक्क वाचताही आली. तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी एका फाइलीतली नक्कल, काढली आणि डॉसबॉक्स ०.७४-३ उतरवून घेतला. जुने डॉसचे प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारा हा नकली जुना संगणक. फुकट आहे.

फ्लॉपी कोणत्या जातीची हे डॉसबॉक्स इमेजच्या आकारावरून ओळखतो, त्यामुळे फाइल पुरी १४,७४,५६० बाइट हवी. माझी होती. ‘बूट’ म्हटल्यावर ती मुकाट्याने सुरू झाली. प्रोग्राम मात्र पहिला पडदा दिसायच्या आत आडवा : ‘रनटाइम एरर २००’. म्हणजे शून्याने भागाकार. दोन संध्याकाळी मी स्वतःच्याच कोडात शून्य शोधत बसलो. कोणाचे मीटर शून्य होते की काय!

शून्य कुठेच नव्हतं. पास्कलचं सीआरटी युनिट (पडदा आणि थांबण्याचा वेळ सांभाळणारा तयार भाग) सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ने भागतं. लूपच्या फेऱ्या साधारण ३६ लाखांवर गेल्या की उत्तर त्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावत नाही. प्रोसेसर त्यालाही शून्याने भागाकाराचाच इंटरप्ट (काम थांबवणारा इशारा) देतो, आणि पास्कल बिचारं तेच छापतं. पेंटियमचा १९९४चा भागाकाराचा घोळ वेगळा, तिथे चिपच चुकत होती. इथे चिप बरोबर आहे, फक्त तिचा वेग पास्कलच्या १९९२च्या आवृत्तीच्या हिशोबात बसत नाही.

आणि वेग मीच डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये वाढवला होता : कोअर डायनॅमिक, सायकल्स (वेगाचा आकडा) मॅक्स. हौस! सायकल्स ३००० केल्या आणि मजुरीपत्रक उघडलं. डॉसबॉक्सला माझे पूर्ण गुण याच एका सोयीसाठी. खऱ्या जुन्या मशीनवर वेग बदलणारं टर्बोचं बटण दाबून इतकं नेमकं कुठे जमायचं? प्रोग्राम एकदा उघडला की कंट्रोल-एफ१२ने वेग पुन्हा वाढवता येतो, कारण मोजणी सुरुवातीला एकदाच होते. मी हौसेने घातलेलं ‘कृपया थांबा’ मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जातं. तेही बरंच.

तक्रारी दोन. बूट केल्यावर डॉसबॉक्सचा स्वतःचा डॉस बाजूला होतो, त्यामुळे त्याला जोडलेलं आपल्या संगणकावरचं फोल्डर दिसेनासं होतं आणि सायकल्सची आज्ञाही टाइप करता येत नाही. आज्ञेने जे ठरवायचं ते बूटच्या आधी. नुसता प्रोग्राम चालवायचा असेल तर बूट करूच नका, फाइल्स फोल्डरात काढून तिथूनच चालवा. दुसरी तक्रार, छपाई नाही. हा मुळात खेळांसाठी बनलाय, पावत्यांसाठी नव्हे. ज्यांना प्रिंटर लागतो त्यांनी त्याचाच भाऊबंद डॉसबॉक्स-एक्स घ्यावा.

मामांना पडद्याचा फोटो पाठवला. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती एका कामगाराच्या २०० रुपयांच्या उचलीबद्दल. ती वजा झालेली नव्हती.